सीडी आमची होती, साहेब

प्रति,
कन्सोलमधून डिस्क ड्राइव्ह काढून टाकण्याचा निर्णय घेणारे सर्व साहेब,
मुक्काम सॅन मटेओ, रेडमंड, क्योटो, पॅरिस, आणि जिथे जिथे अशा बैठका होतात तिथे.

साहेब,

मी तुम्हाला अनोळखी नाही. माझा ईमेल, माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे, दुसरी पाळी संपवून मी रात्री किती वाजता खेळायला बसतो आणि कुठल्या लेव्हलला अडकतो, हे सगळे तुमच्या सर्व्हरवर नोंदलेले आहे. माझे गाव मात्र तुमच्या नकाशावर नसेल, म्हणून सांगतो. मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या फ्लाइंग राणीतून वापीला उतरायचे, तिथून रिक्षा किंवा बस धरून पंधरा-अठरा किलोमीटर आत यायचे, की दमणगंगेच्या काठी सिल्वासा लागते. दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य शहर. आमच्या घरात मराठी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि खानवेलच्या बाजूला गेले की वारली बोली कानावर पडते.

करसवलतींच्या काळात इथे कारखान्यांची रांग लागली. पॉलिस्टर धागा, प्लास्टिकच्या वस्तू, पॅकिंगचे सामान. मसाट, रखोली, नरोली, आमली, जिकडे बघाल तिकडे शेड आणि शेडच्या मागे खोल्या. त्या खोल्यांत बिहारचा माणूस राहतो, ओडिशाचा राहतो, खानदेशातला राहतो, कोकणातला राहतो. कायमचे राहायला फार थोडे येतात. ठेका संपला, लाइन बंद पडली, गावी आई आजारी पडली, की माणूस बिऱ्हाड आवरतो. आवरताना काय करतो? टीव्ही विकतो, कूलर विकतो, गॅसची शेगडी शेजाऱ्याला देतो. आणि त्याच्याकडे प्लेस्टेशन असेल तर ते विकतो, सोबत सीड्यांची चळत. (ब्लू-रे आली, अजून काय काय आले, आमच्याकडे सगळ्याला सीडीच म्हणतात.) त्या सीड्यांचे पैसे त्याच्या तिकिटाच्या आणि वाटखर्चाच्या कामी येतात. घेणारा कोण, तर नुकताच कामाला लागलेला दुसरा पोरगा. नवी सीडी त्याच्या आवाक्याबाहेर असते, जुनी परवडते.

तुम्ही बंद केलेत ते हे. ड्राइव्ह नसलेला कन्सोल आणि त्यावर डाउनलोड केलेले वीस गेम घेऊन निघालेल्या माणसाच्या हातात विकण्यासारखे काय उरते? यंत्र विकता येते. गेम त्याच्या खात्याला चिकटलेले, आणि खाते विकणे किंवा दुसऱ्याच्या नावावर करणे तुमच्या अटींत बसत नाही. पाच वर्षांत ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलेल्या खेळांची किंमत त्या दिवशी शून्य. कारखान्याच्या भंगारालाही किलोमागे भाव मिळतो, साहेब. तुम्ही आमच्या ग्रंथालयाला तेवढाही ठेवला नाही. हो, तुम्ही त्याला ग्रंथालयच म्हणता, तुमच्या पडद्यावर तसे लिहिलेले असते. ज्या ग्रंथालयातले एकही पुस्तक मित्राला देता येत नाही, त्याला ते नाव द्यायला तुमची जीभ कशी वळते?

आता हिशेब मांडतो, कारण तुम्हाला हिशेब कळतो. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. ड्राइव्हवाला ४९,९९० रुपये, बिनड्राइव्हचा ३९,९९०. पुढे दोन्ही पाच-पाच हजारांनी चढले, फरक दहा हजारांचाच राहिला. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला दहा हजार वाचलेले दिसतात. नव्या मोठ्या गेमचा भाव तुम्ही ४,९९९ रुपये लावलात. समजा सीडीवाल्याने तो घेतला, महिन्याभरात संपवला आणि तीन हजारांना विकला, तर त्याला खेळ दोन हजारांना पडला. बिनड्राइव्हवाल्याला तो पूर्ण पाच हजारांना पडला. चार गेम झाले की ते वाचवलेले दहा हजार तुमच्या गल्ल्यात परत आलेले असतात, आणि पाचव्या गेमपासून तो तुम्हाला जास्तीचे देत राहतो. स्वस्तातले यंत्र घेणारा माणूस दीर्घ पल्ल्यात सर्वांत महाग खेळतो. हा सापळा तुम्ही सर्वांत कमी पैसे असलेल्या गिऱ्हाइकासाठी लावलात.

आमच्या सरकारने २०१७ साली जीएसटी आणला तेव्हा व्हिडिओ गेमचे कन्सोल २८ टक्क्यांच्या वरच्या वर्गात टाकले, तो दोष तुमच्या माथी मारणार नाही. पण त्या कराचा भार सोसून जो माणूस दुकानात पोचला, त्याच्याशी तुम्ही कसे वागलात ते तुमच्याच खात्यावर लिहावे लागेल.

तुम्ही म्हणता, लोकांनाच डिजिटल आवडते, आकडे बघा. आकडे कसे घडवले तेही सांगा ना. एप्रिल २०१९ पासून सोनीने पूर्ण गेमचे डाउनलोड कोड इतर दुकानदारांना विकायला देणे थांबवले. तोवर निदान दोन दुकानांत भाव विचारता येत होता. बिनड्राइव्हच्या कन्सोलवर आता दुकान एकच, आणि त्याचा मालक तोच, जो यंत्राचाही मालक आहे. दुसऱ्या कंपनीने बनवलेला गेम त्या दुकानात विकला की साधारण तीस टक्के दलाली कापून घेणाराही तोच. गावात एकच वाणी उरला की तो तराजूवर अंगठा ठेवतो, हे आमच्या आजीलाही माहीत होते. मग तुम्ही बाजारात जाऊन सांगता, की बघा, सगळे माझ्याच दुकानातून घेतात.

ज्यांनी ड्राइव्ह ठेवला, त्यांनी तरी तो नीट ठेवला का? २०२३ च्या अखेरीस आलेल्या बारीक प्लेस्टेशन ५ चा ड्राइव्ह सुटा निघतो, हवा तेव्हा लावता येतो. ऐकायला छान. पण तो पहिल्यांदा जोडताना यंत्राला इंटरनेटवरून तुमच्या सर्व्हरची परवानगी घ्यावी लागते. पैसे मोजून घेतलेला ड्राइव्ह, पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात बसवायला, सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरची परवानगी. उद्या तो सर्व्हरच राहिला नाही तर नवा ड्राइव्ह जोडायचा कसा, याचे उत्तर खोक्यावर छापलेले नाही. वर्षभराने प्लेस्टेशन ५ प्रो आला, ६९९ डॉलरचा, तुमचे सर्वांत महागडे यंत्र, आणि त्यात ड्राइव्ह नाहीच.

मायक्रोसॉफ्टच्या साहेबांनी स्वतःला वेगळे समजू नये, त्यांचा हिशेब पुढे येतोच. निन्टेन्डोच्या साहेबांनीही नाही. जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा त्याच्या बऱ्याच गेमसाठी ‘गेम-की कार्ड’ नावाची वस्तू दुकानात लागली. दिसायला कॅसेट, आत गेम नाही, गेम डाउनलोड करायची फक्त चावी. आणि निन्टेन्डो तर भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतच नाही. इथल्या पोरांपर्यंत तो पोचतो तो लॅमिंग्टन रोडच्या किंवा हाजीअलीच्या हिरापन्नाच्या आयात केलेल्या मालातून, वॉरंटीच्या नावाने शंख.

डिस्क छापायला खर्च येतो, असे कृपा करून सिल्वासात येऊन सांगू नका. हे प्लास्टिकवर जगणारे गाव आहे. एक किलो दाण्यातून किती नग निघतात, साचा एकदा बसला की पुढचा नग केवढ्याला पडतो, हे इथल्या मशीनवर उभ्या राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला पाठ असते. ७० डॉलरच्या मालात त्या तबकडीचा वाटा किती, हे त्याला तुमच्या अर्थ विभागापेक्षा लवकर सांगता येईल.

आणि छापता तेव्हाही काय छापता? २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ ची प्लेस्टेशन ५ ची डिस्क लोकांनी उघडून पाहिली, तर तिच्यावर सुमारे ७० एमबी मजकूर निघाला. ज्या प्रकारच्या तबकडीवर तब्बल १०० जीबीपर्यंत मावतात, तिच्यावर ७० एमबी. बाकीचा खेळ इंटरनेटवरून उतरवायचा. आमच्याकडे चाळीतल्या खोलीत वाय-फाय सगळ्यांकडे नसते. भाडेकरू दर वर्षी बदलतो, केबलवाला खोलीत वायर ओढायला तयार नसतो, म्हणून मोबाइलच्या पॅकवर भागवतात. दिवसाला दोन जीबीचा पॅक धरला आणि शंभर जीबीचा खेळ उतरवायचा ठरवला, तर पन्नास दिवस लागतात, तेही घरच्यांशी व्हिडिओ कॉल न करता. त्यानंतर येतो तुमचा अपडेट. तुमच्या बैठकीत या माणसाची खुर्ची कधी ठेवली होती का?

दहा-बारा वर्षांपूर्वी तुम्हीच काय बोलत होता, त्याची आठवण करून देतो, कारण आम्ही विसरलेलो नाही. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन दाखवला आणि जूनमध्ये सांगितले, की दिवसातून एकदा यंत्राने इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, जुन्या सीड्यांवर बंधने येतील. लोक खवळले. सोनीने संधी साधली. रंगमंचावरून जाहीर केले, की आमच्या यंत्रावर सीडी विका, मित्राला द्या, कायमची ठेवा. टाळ्या थांबेनात. वर एक बावीस सेकंदांची चित्रफीत काढली, गेम मित्राला कसा द्यायचा याचे प्रात्यक्षिक. सोनीचे दोन बडे अधिकारी समोरासमोर, एकाने खोके दुसऱ्याच्या हातात दिले, झाले. जगभर लोक पोट धरून हसले. नऊ-दहा दिवसांत मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. जानेवारी २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ भारतात ३९,९९० रुपयांना आला, तेव्हा इथल्या कित्येकांनी तो त्या शब्दावर विश्वास ठेवून घेतला.

आज सोनीच्या बिनड्राइव्हच्या कन्सोलवर तो बावीस सेकंदांचा धडा कसा गिरवायचा? मायक्रोसॉफ्टचा तो बेत तरी निदान उघडपणे मांडलेला होता आणि लोकांनी तो उघडपणे हाणून पाडला. तोच बेत तुम्ही सगळ्यांनी मिळून पुढच्या दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने, सोयीच्या नावाखाली अमलात आणला.

मालकी कुणाची, हा प्रश्न काही तात्त्विक नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. लोकांनी पूर्ण किमतीला घेतला. अमेरिकेचा अख्खा नकाशा लहान करून त्यात रस्ते टाकलेले, आणि एकट्याने गाडी चालवायची म्हटले तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केला. ज्यांच्याकडे सीडी होती त्यांच्याकडे चकती उरली, आणि ज्यांच्या खात्यात गेम होता त्यांच्यापैकी अनेकांचा परवानाच पुढे काढून घेतला गेला. त्याच वर्षी जानेवारीत या कंपनीच्या वर्गणी विभागाचे प्रमुख एका मुलाखतीत म्हणाले होते, की खेळ आपल्या मालकीचा नसण्याची खेळाडूंना सवय व्हावी लागेल. बैल विकायचा आणि कासरा आपल्याच हातात ठेवायचा, वर घेणाऱ्याला सांगायचे की याची सवय करून घे. आमच्याकडच्या बाजारात असे बोलणारा दलाल दुसऱ्या आठवड्याला दावणीपाशी दिसत नाही.

मग सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’. वर्षानुवर्षे खपून केलेला खेळ २३ ऑगस्ट २०२४ ला विक्रीला आणला आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे. पैसे परत केले, हे मान्य करतो आणि ते योग्यच केले. पण माणसांनी घडवलेली एवढी मोठी गोष्ट अशी पुसून टाकता येते, की तिची एक चालू प्रतही कुणाच्या कपाटात राहत नाही, याने तुमच्यापैकी एकाचीही झोप उडाली नाही का?

जुन्या खेळांचे तर विचारूच नका. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. ते वाचवायचे तर ग्रंथालयांना संशोधकांसाठी दुरून पाहू द्यावेत, अशी मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे गेली. तुमच्या धंद्याच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली गेली. म्हणजे तुम्ही विकणार नाही, आम्हाला विकू देणार नाही, आणि खऱ्या ग्रंथालयाला जपूही देणार नाही.

आमच्या पिढीला हे जास्त झोंबते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे आले ते टीव्ही गेम, जपानी यंत्राच्या नकला. त्यात घालायची ती कॅसेट, तिच्यावर नव्व्याण्णव हजार गेम असल्याची थाप छापलेली, प्रत्यक्षात मारिओ, काँट्रा आणि बदकांची शिकार पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची. ती कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरायची. ज्याच्याकडे टीव्ही रंगीत, त्याच्याकडे सगळ्यांच्या कॅसेटी. पुढे गेम पार्लर आले, रुपयाला एक चान्स, आणि अख्ख्या भारतातली पोरे डायनोसॉरच्या एका खेळाला ‘मुस्तफा’ म्हणायला लागली, कारण त्यातला त्या नावाचा पिवळ्या टोपीचा गडी सर्वांत वेगवान. खेळ हा तेव्हा दोन माणसांच्या मध्ये असायचा. हातातून हातात जायचा. ज्याला विकत घेणे जमत नव्हते, तोही त्यात होता. तुमचा आजचा गिऱ्हाईक त्याच पोरांतून घडला. प्रत्येक पोराने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यावर पूर्ण किंमत भरूनच मारिओ बघायचा असता, तर या देशात आज तुम्हाला विकायला बाजारच नसता.

पुढचा काळ चोरीच्या सीड्यांचा होता, तेही सांगायला हवे. प्लेस्टेशन २ मध्ये चिप बसवून घ्यायची आणि शंभर-दीडशे रुपयांची नकली सीडी खेळायची, हा देशभरचा रिवाज होता, आणि त्यात खेळ बनवणाऱ्याला दमडी मिळत नव्हती. ते वाईटच होते. मग लोक अस्सल सीडीकडे कसे वळले? तुमच्या उपदेशाने नक्कीच नाही. प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या काळात अस्सल सीडीला पुनर्विक्रीचा भाव होता. चार हजार अडकले तरी त्यातले अडीच हजार सुटतात हे कळले, तेव्हा पगारदार माणूस अस्सल घ्यायला धजावला. जुनी विकून आलेले पैसे तो खिशात ठेवत नव्हता, नव्या सीडीत घालत होता. जुन्या सीड्यांचा बाजार तुमच्या नव्या मालाचे भांडवल उभे करत होता. तुम्ही त्याला नुकसान म्हणून वहीत मांडलेत आणि कापून टाकलेत. आता इथला पोरगा फोनवरचे फुकट गेम खेळतो, आणि तुम्ही परिषदांमध्ये विचारता, की भारतात कन्सोल का वाढत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही हे कलावंतांसाठी करतो, जुनी सीडी विकली की बनवणाऱ्याला काही मिळत नाही. कलावंतांचे नाव घेताय, तर एक पुण्याची गोष्ट ऐका. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, दुर्गेचा आशीर्वाद, राजस्थानी महालांसारखी बांधणी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला, तरी त्यांनी सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर. पुण्यात घडलेला, आपल्या मातीतला पहिला एवढा देखणा कन्सोल खेळ, आणि तो ज्या यंत्रावर आला ते यंत्र पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे विकतच मिळत नव्हते. स्वतःच्या पोराचा खेळ बघायला आईबापांनी आयात केलेला कन्सोल शोधायचा. कलावंतांची एवढी काळजी असेल, तर बाजारात या, दुकान उघडा.

राजीसारख्या खेळाला डिजिटल विक्रीचा आधार मिळतो, हे मला मान्य आहे. छोट्या स्टुडिओने लाखभर सीड्या छापून कुठल्या गोदामात ठेवायच्या? म्हणून डाउनलोडवर माझा राग नाही. पण तो छोट्यांचा आधार पुढे करून तुम्ही, ज्यांना सीडी सहज परवडते, त्यांनी सीडी मारली.

आणि मोठ्या स्टुडिओतल्या कलावंतांचे काय केलेत? ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जवळजवळ ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली, आणि पुढच्या जानेवारीत गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवले. फेब्रुवारीत सोनीने ९०० जणांना. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने टोकियोचा टँगो स्टुडिओ बंद केला, ज्याच्या ‘हाय-फाय रश’ला लोकांनी डोक्यावर घेतले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ‘गेम पास’ या वर्गणी योजनेच्या वरच्या पातळीचा भाव एका दिवसात २० वरून ३० डॉलर केला. ही वर्गणी भरणाऱ्याकडे दहा वर्षांनी काय असेल? भरलेल्या वर्गणीच्या पावत्या. सीडीवरचा आमचा हक्क गेला, भाव चढला, आणि तरी कारागिराची नोकरी वाचली नाही. मग वाचलेला पैसा गेला कुणाकडे? लाइन बंद पडताना कामगाराला काय ऐकवतात ते या गावाने पुष्कळ ऐकले आहे, त्यामुळे तुमच्या पत्रकांतली भाषा इथे लगेच ओळखू येते.

तंत्र अवघड आहे, सर्व्हर बंद केल्यावर खेळ चालू ठेवणे परवडत नाही, असेही तुम्ही म्हणता. २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, तिच्या युरोपीय अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या, तेव्हा तुमच्या युरोपातल्या संघटनेने हेच उत्तर दिले. पण त्याच युबिसॉफ्टने ओरड झाल्यावर ‘द क्रू २’ साठी इंटरनेटविना खेळण्याची सोय करून दिली. पोलंडची जीओजी २००८ पासून कुलूप नसलेले गेम विकते. फाइल एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली की दुकान राहो वा न राहो, खेळ चालतो. जमते, साहेब. करायचे असले की जमते. कॅलिफोर्नियात, म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या अंगणातच, १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे: तुम्ही माल विकत नसून मागे घेता येणारा परवाना देत असाल, तर पैसे घेण्यापूर्वी ते स्पष्ट सांगा. तिथल्या माणसाला सांगता, मग सिल्वासातल्या माणसाला सांगायला काय अडचण आहे? मराठीत सांगा, गुजरातीत सांगा, हिंदीत सांगा. पैसे भरायच्या बटणाच्या वर, मोठ्या अक्षरांत. अटींच्या चाळिसाव्या पानावर लपवू नका.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या खेळांना आवर घालण्यासाठी. बरे केले, त्या पायी घरे बुडत होती. पण पूर्ण किंमत मोजून घेतलेला खेळ परस्पर काढून घेतला तर दाद कुठे मागायची, याचे सरळ उत्तर इथल्या ग्राहकाला अजून मिळालेले नाही. ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी, आणि पुण्या-मुंबईत तुमच्याच स्टुडिओंमध्ये रात्री जागवणाऱ्या मराठी मुलामुलींनीही, या प्रश्नात लक्ष घालावे असे मला मनापासून वाटते. त्यांनी केलेले काम टिकावे, एवढे तरी त्यांचे देणे तुम्ही लागता.

माझे मागणे मोठे नाही. यंत्रात ड्राइव्ह ठेवा, आणि तो बसवायला कुणाच्या परवानगीची गरज ठेवू नका. डिस्कवर अख्खा खेळ घाला, निदान एकट्याने खेळता येईल एवढा. सर्व्हर बंद करण्याआधी इंटरनेटविना चालणारी शेवटची आवृत्ती द्या. आणि डाउनलोड केलेला खेळ मला मित्राच्या खात्यावर देता येऊ द्या. माझ्या खात्यातून जाऊ दे, त्याच्या खात्यात येऊ दे, सीडी जायची तशी. तुमच्याकडे एवढे सर्व्हर आहेत, एवढी नोंद त्यांना ठेवता येईल.

पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी एएमडीबरोबर काम सुरू असल्याचे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही सांगितले आणि सोनीनेही. म्हणजे आराखडे आज टेबलावर असतील. त्यात ड्राइव्ह आहे की नाही, एवढे एकच वाक्य आत्ता जाहीर करा. चिपचा वेग, पडद्यावरची सावली, प्रकाशाची किरणे, ते सगळे नंतर सांगा. इथले लोक नव्या कन्सोलसाठी दोन-दोन वर्षे आधी पैसे साठवायला लागतात, त्यांना ते साठवायचे की नाही हे ठरवायचे आहे.

आपला,
अजून सीड्या जपून ठेवणारा एक ग्राहक,
सिल्वासा, दादरा आणि नगर हवेली